आधी वसतिगृह, मग महाविद्यालय

आपल्या शिक्षणाचा इतिहास लिहिणारे पदव्या मोजतात, खोल्या मोजत नाहीत. बाबासाहेबांच्या कार्याचा क्रम पाहा. बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 साली सोलापुरात काढले ते वसतिगृह. मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय 1946 चे, म्हणजे एकवीस वर्षांनंतरचे. हा योगायोग नव्हे. शाळेचे दार उघडले तरी शहरात रात्री पाठ कुठे टेकायची, हा प्रश्न अस्पृश्य पोरापुढे आधी उभा राही.

मराठवाड्याची गत तर आणखी वाईट. निजामी राज्यात विद्यापीठ एकच, उस्मानिया. तेही दूर हैदराबादला, उर्दू माध्यमाचे. पालमच्या महारवाड्यातून तिथे कोण जाणार? 1950 साली औरंगाबादला, पुढे मिलिंद झालेले महाविद्यालय निघाले. नागसेनवनातील वर्गांइतकीच तिथली वसतिगृहेही मला क्रांतिकारक वाटतात. गावकुसाबाहेरच्या पोराला तिथे जात न लपवता झोपता आले, वाचता आले.

आता वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना सरकारच्या 'स्वाधार' योजनेतून खोलीभाड्यासाठी पैसे मिळतात. गेल्या वर्षी पालमच्याच एका विद्यार्थ्याबरोबर मी शहरात खोली शोधत हिंडलो. तिसऱ्या घरी भाडे ठरले, आणि मग मालकाने आडनाव विचारले. आम्ही चौथे घर पाहायला निघालो.