आजोबा (चित्रपट)
आजोबा हा सुजय डहाके दिग्दर्शित मराठी चित्रपट असून तो ९ मे, २०१४ रोजी प्रदर्शित झाला. कथा सत्य घटनेवर आधारित आहे. २००९ साली पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेल्या नर बिबट्याला जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आले. शांत स्वभावामुळे त्याचे नाव 'आजोबा' पडले. महामार्ग, कसाऱ्याजवळील लोहमार्ग आणि वसईची खाडी ओलांडत, शंभराहून अधिक किलोमीटर चालून तो सुमारे महिनाभरात मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. वाटेत त्याने एकाही माणसाला इजा केली नाही.

झां-जाक आनो यांच्या 'द बेअर' (१९८८) या चित्रपटाची कथा अस्वलाच्या नजरेतून उलगडते. 'आजोबा'मध्ये मात्र ती माग काढणाऱ्या पूर्वा राव (ऊर्मिला मातोंडकर) या संशोधिकेकडून कळते. हे पात्र वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्यावर बेतले आहे. बिबट्याची बाजू म्हणून प्रत्यक्षातही हाती होत्या त्या केवळ पट्ट्याने नोंदवलेल्या जागा व वेळा. तो कोठून गेला हे त्यांवरून कळते, का गेला हे कळत नाही.

डिसेंबर २०११ मध्ये मुंबई–अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेने आजोबाचा मृत्यू झाला.