शिक्का कोणाच्या हाती? बांगलादेशातील कपडे निर्यातदारांच्या संघटनेची गोष्ट

मागच्या खेपेला आपण मुंबईच्या गिरण्यांपाशी थांबलो होतो. गिरणीमालकांनी 1875 मध्ये आपली संघटना बांधली. पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांना एकत्र आणले आणि 10 जून 1890 रोजी मालकांच्या संघटनेला रविवारची सुट्टी मान्य करावी लागली. समोर कोणीतरी उभे होते म्हणून हे घडले, एवढे लक्षात ठेवा. आज आपल्याला ढाक्याला जायचे आहे. तिथे मालकांची बाजू पक्की बांधलेली होती, कामगारांची विस्कळीत.

या संघटनेचे नाव बांगलादेश गार्मेंट मॅन्युफॅक्चरर्स अँड एक्सपोर्टर्स असोसिएशन. सगळे तिला बीजीएमईए म्हणतात. स्थापना 1983 ची. पण तिच्या आधी धंदा कसा आला ते बघू.

1974 पासून श्रीमंत देशांनी कापड आणि कपड्यांच्या आयातीवर देशवार कोटे लावले होते. दक्षिण कोरियाचा कोटा अपुरा पडू लागला, तेव्हा देवू ही तिथली कंपनी कोटा नसलेला देश शोधू लागली. बांगलादेशात नुरुल कादेर या माजी सनदी अधिकाऱ्याने ‘देश गार्मेंट्स’ काढली होती. दोघांचा करार झाला आणि 1979 मध्ये 130 माणसे शिकायला कोरियात बुसानला गेली. आता गंमत अशी, की परत आल्यावर त्यांतले बहुतेक जण काही वर्षांत ‘देश’ सोडून गेले. कोणी दुसरीकडे लागले, कोणी स्वतःचा कारखाना काढला. विद्या अशीच पसरते!

पण भांडवल? त्याला दोन युक्त्या होत्या. पहिली बॅक-टू-बॅक एलसी. परदेशी ग्राहकाने उघडलेल्या एलसीच्या तारणावर मालकाला कापड आणण्यासाठी दुसरी एलसी मिळे. खिशात फारसे नसले तरी चाले. दुसरी बाँडेड गोदामाची. निर्यातीसाठी आणलेल्या कापडावर आयातशुल्क नाही. पण त्या नावाखाली कापड बाजारात विकले गेले तर? म्हणून या ऑर्डरीला इतके कापड लागेल असे घोषणापत्र हवे. त्याला युटिलायझेशन डिक्लरेशन, व्यवहारात ‘यूडी’ म्हणतात. आणि ते देण्याचा अधिकार सरकारने मालकांच्याच संघटनेला दिला.

वरवर बघता हे शहाणपणाचेच होते. एका शर्टाला किती कापड लागते हे कारकुनापेक्षा धंद्यातल्या माणसाला जास्त कळते. कामे झटपट झाली, धंदा वाढला. आज देशाच्या निर्यातीत चार-पंचमांशाहून अधिक वाटा कपड्यांचा आहे आणि सुमारे 40 लाख माणसे, त्यांत बहुसंख्य बायका, या कामावर जगतात. पण यूडी हवी तर सभासद व्हायला हवे. म्हणजे नावाला ऐच्छिक संघटना, प्रत्यक्षात अर्धे सरकारच. तिचे दोन माजी अध्यक्ष तर पुढे उत्तर ढाक्याचे महापौर झाले.

आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, त्यामुळे इथे हेगेलची आठवण होते. व्यवसायसंघ हे सभासदाचे दुसरे कुटुंब आहे, असे तो 1821 च्या ग्रंथात मानतो. पण त्यावर राज्याची देखरेख नसेल तर ते आपल्यापुरतेच पाहू लागते, असेही बजावतो. ढाक्यात देखरेख राहिली बाजूला, शिक्काच कुटुंबाच्या हाती गेला.

हे कुटुंब नेहमीच वाईट वागले असे मात्र नाही. 1990 च्या दशकात बालकामगारांनी केलेल्या मालावर बंदी घालणारे विधेयक अमेरिकेत आले. नुसत्या धास्तीने हजारो पोरे कामावरून काढली गेली आणि त्यांतली कितीतरी आणखी वाईट कामांना लागली. तेव्हा 4 जुलै 1995 रोजी संघटनेने युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेबरोबर करार केला. मुलांसाठी शाळा निघाल्या, महिना 300 टका भत्ता ठरला. मनात आले की संघटना काय करू शकते, याचे हे उदाहरण.

आणि मग 24 एप्रिल 2013. सावरमधल्या राणा प्लाझाला आदल्या दिवशी तडे गेलेले दिसले होते. त्याच इमारतीतल्या बँकेने आपली माणसे बाहेर काढली. वरच्या मजल्यांवरच्या पाच कारखान्यांनी दुसऱ्या दिवशी बायाबापड्यांना आत बोलावले. 1134 जीव गेले. तपासणी होईपर्यंत काम थांबवा असे आम्ही मालकांना सांगितले होते, असे संघटनेने नंतर म्हटले. खरेही असेल. पण बघा, कापडाच्या वारावर तिचा हुकूम चाले आणि खांबांच्या तड्यांवर नुसती विनंती! इमारती तपासणे सरकारचे काम, आणि कपडे स्वस्तात मागणारे परदेशी ब्रँडही दोषी, हे दोन्ही बचाव खोटे नाहीत. पण शिक्का हाती असणाऱ्याला ते पुरत नाहीत.

त्या दिवशी संघटनेच्या स्वतःच्या मुख्यालयाचे काय होते? हातिरझीलच्या पाणथळीत मंजुरीविना बांधलेली ती उंच इमारत पाडा, असा आदेश उच्च न्यायालयाने 2011 मध्येच दिला होता. पायाभरणी एका पंतप्रधानांनी केलेली, उद्घाटन दुसऱ्या पंतप्रधानांनी. अपिलात 2016 मध्ये आदेश कायम झाला, तरी कार्यालय हलायला 2019 उजाडले.

राणा प्लाझानंतर ब्रँड आणि जागतिक कामगार महासंघ यांच्यात बंधनकारक करार झाला. हजारांहून अधिक कारखाने तपासले गेले, जिने, दरवाजे, खांब दुरुस्त झाले. 2020 पासून हे काम एका परिषदेकडे आहे. तिच्या मंडळावर कारखानदार, ब्रँड आणि कामगार संघटना यांना समान जागा आहेत. आमच्या मते या इतिहासातली सगळ्यात मोठी सुधारणा हीच. मुंबईत जे समोर उभे राहून मिळवावे लागले, ते इथे निदान मेजाभोवती बसले.

तेव्हा कुठल्याही संघटनेचे पत्रक हाती आले की त्यातला ‘आम्ही’ हा शब्द थांबून वाचावा. त्यात कोण येते आणि कोण येत नाही, हे विचारावे. अंगातल्या शर्टाच्या आतल्या पट्टीवर देशाचे नाव असते, शिवणारीचे नसते.