तळणीची शलाका

मोताळ्याच्या माणसाचं रेल्वे स्टेशन म्हणजे मलकापूर. तिथून नागपूरची गाडी धरली, की अकोला, बडनेरा, धामणगाव मागे टाकून पुलगावच्या अलीकडे तळणी लागतं. खिडकीतून पाहता पाहता मागे सरणारं हे वऱ्हाडातलं स्टेशन. सूर्यावरच्या स्फोटांचा माग काढताना मात्र इथे उतरावंच लागतं.

२२ जानेवारी १८९८. खग्रास ग्रहणाचा पट्टा विजयदुर्गाहून जेऊर, तळणी असा तिरका गेला. मोताळ्याला ग्रहण खंडग्रासच होतं. तळणीला ग्रहण टिपायला इंग्लंडहून आलेल्यांत खगोलशास्त्रज्ञ अ‍ॅनी माँडर आणि त्यांचे पती वॉल्टर होते. अ‍ॅनीबाईंच्या कॅमेऱ्याचं भिंग जेमतेम दीड इंचाचं. भरदिवसा पडलेल्या सुमारे दोन मिनिटांच्या अंधारात त्या भिंगाने सूर्याच्या प्रभामंडलातून दूरवर गेलेली एक बारीक शलाका टिपली. एवढी लांब शलाका तोवर कुणाच्या छायाचित्रात आली नव्हती.

तिचं मोल कळायला आणखी मागे, मुंबईच्या कुलाब्याला जावं लागतं. १ सप्टेंबर १८५९ला इंग्लंडात खगोलशास्त्रज्ञ कॅरिंग्टनने सूर्यडागांपाशी पांढरा लखलखाट पाहिला. सतरा-अठरा तासांनी कुलाबा वेधशाळेतल्या चुंबकाने दाखवलेला पृथ्वीच्या चुंबकी क्षेत्राचा आकडा खाली कोसळला: सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी. वेधशाळेतली माणसं डोळ्यांनी वाचून एकेक आकडा वहीत उतरवत होती. त्या हातांबद्दल मला फार आदर वाटतो. २००३ साली पनवेलच्या भूचुंबकत्व संस्थेतील संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांसह त्याच नोंदींवरून त्या चुंबकी वादळाचा जोर मोजला.

पण त्या काळी सूर्यावरचा लखलखाट आणि पृथ्वीवरचा चुंबक यांचा संबंध मानायला शास्त्रज्ञ तयार नव्हते. १८९२ साली खुद्द भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्व्हिनने तो नाकारला. १९०४मध्ये वॉल्टर माँडर यांनी ग्रिनिचच्या नोंदी लावून दाखवलं, की चुंबकी वादळं साधारण २७ दिवसांनी, म्हणजे सूर्याच्या एका फेऱ्याने, परत येतात. सूर्य आपला प्रभाव चहूकडे सारखा फेकत नाही, अरुंद झोत सोडतो, असं त्यांचं म्हणणं. तळणीची शलाका त्यांना तसाच झोत वाटली. फिरून येणारी वादळं वेगळी आणि सूर्यावरच्या चुंबकी रेषा पिळून, तुटून, पुन्हा जुळताना उडणारे स्फोट वेगळे, हा उलगडा पुढचा.

आता ग्रहणाची वाट पाहावी लागत नाही. पुण्याच्या ‘आयुका’त घडलेली ‘सूट’ ही दुर्बीण आदित्य-एल१ यानावर पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवरून अतिनील किरणांत सूर्य न्याहाळते. २२ फेब्रुवारी २०२४ला एक्स ६.३ प्रतीचा भडका उडाला, तेव्हा ती त्याच्याकडेच पाहत होती.