आपला संघ कोणता? : बेळगाव-निपाणी भागातले क्रिकेटवेड

रणजीचा हंगाम सुरू झाला की आमच्या भागातल्या मराठी घरात धावफलक दोनदा वाचला जातो. आधी महाराष्ट्र आणि मुंबई, मग कर्नाटक. काहीजण उलट क्रमाने वाचतात. पण एकच निकाल वाचून पेपर खाली ठेवणारा माणूस आम्हाला तरी अजून भेटलेला नाही. हल्ली नातवंडे विचारतात, "आजोबा, आपली टीम नेमकी कुठली?" या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत देता येत नाही. म्हणून मंडळाच्या सभासदांसाठी, विशेषतः बाहेरगावी वाढलेल्या मुलांसाठी, आम्हाला ठाऊक असलेली माहिती इथे एकत्र करून ठेवत आहोत.

जुना हिशेब

रणजी करंडक स्पर्धा १९३४-३५ साली सुरू झाली तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता. पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचनेत तो म्हैसूर राज्यात गेला. म्हणजे आमच्या वडिलांच्या पिढीचे क्रिकेटवेड सीमेच्या अलीकडचे आहे. त्यांचा संघ महाराष्ट्र. प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा करंडक जिंकला. त्यानंतर आजतागायत तो पुन्हा हाती लागलेला नाही. १९७०-७१ ला अंतिम फेरीत मुंबईने हरवले, १९९२-९३ ला पंजाबने.

निपाणीकरांना त्याहून जवळचा माणूस म्हणजे भाऊसाहेब निंबाळकर. ते कोल्हापूरचे, आणि कोल्हापूर निपाणीहून जेमतेम चाळीस किलोमीटरवर. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध त्यांनी नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनच्या तेव्हाच्या जागतिक विक्रमाला, म्हणजे ४५२ला, मागे टाकायला दहा धावा हव्या होत्या. पण मध्यंतरानंतर काठियावाडच्या कर्णधाराने संघ मैदानात आणलाच नाही, सामना सोडून दिला. रणजीतील ती सर्वोच्च वैयक्तिक धावसंख्या आजही कायम आहे, आणि निंबाळकर एकही कसोटी न खेळता २०१२ मध्ये कोल्हापुरात वारले. निपाणीच्या तंबाखू वखारीत बसून ही गोष्ट सांगणारे म्हातारे आम्ही पाहिले आहेत. सांगताना त्यांना असा राग यायचा, जणू काठियावाडचा कप्तान समोरच्या कट्ट्यावर बसला आहे.

राज्य बदलले तरी माणसे लगेच बदलली नाहीत. म्हैसूरचा संघ कागदावर आपला झाला, पण त्यातली नावे बंगळूर-म्हैसूरकडची. मुंबईने तर १९५८-५९ पासून सलग पंधरा वर्षे करंडक सोडला नाही. त्यामुळे वाडेकर-गावसकरांची मुंबई हाच बहुतेक मराठी घरांचा मनातला संघ होता.

१९७४ : घरात पडलेली पहिली फूट

मार्च १९७४ मध्ये बंगळूरला मुंबई आणि कर्नाटक उपांत्य सामन्यात समोरासमोर आले. राज्याचे नाव त्याआधीच्या नोव्हेंबरात बदलून कर्नाटक झाले होते, आणि संघही प्रथमच त्या नावाने खेळत होता. विश्वनाथने १६२ काढल्या, ब्रिजेश पटेलने १०६. प्रसन्नाने गावसकरचा त्रिफळा उडवला. आणि जम बसलेला वाडेकर धाव घेताना पाय घसरून धावबाद झाला. मुंबई पहिल्या डावात मागे पडली, पंधरा वर्षांची सद्दी संपली, आणि पुढे कर्नाटकाने जयपूरला राजस्थानला हरवून पहिला करंडक घेतला.

आम्ही तेव्हा शाळेत होतो. वडिलांनी पेपर घडी करून कपाटावर ठेवला, तो दोन दिवस कुणाला दिला नाही. आम्हाला मात्र विश्वनाथचा स्क्वेअर कट आवडायचा आणि चंद्रशेखरच्या गोलंदाजीचे भारी कौतुक होते. वडिलांसमोर ते बोलायची सोय नव्हती. अशी मुले तेव्हा गल्लोगल्ली होती. बाप मुंबईचा, पोरगा कर्नाटकाचा, आणि आई म्हणायची, "दोघंही जेवायला बसा की आधी!"

तेव्हापासून कर्नाटकाने आठ वेळा रणजी जिंकली : १९७३-७४, १९७७-७८, १९८२-८३, १९९५-९६, १९९७-९८, १९९८-९९, २०१३-१४ आणि २०१४-१५. नव्वदीत गदगचा सुनील जोशी भारतासाठी खेळला तेव्हा तो हुबळी-धारवाड पट्ट्यातला म्हणून आम्हालाही आपला वाटला. त्यानंतर बेळगावात जन्मलेला रोनित मोरे कर्नाटकाकडून जलदगती गोलंदाजी करू लागला. मोरे आडनावाचा बेळगावचा मुलगा कर्नाटकाची टोपी घालून महाराष्ट्राच्या फलंदाजांना बाद करतो, तेव्हा टाळी वाजवायची की नाही, यावर आमच्या सकाळच्या फिरण्याच्या गटात एकदा अर्धा तास वाद झाला. शेवटी टाळी वाजवायची असे ठरले.

कुस्तीत हा प्रश्न कधी पडला नाही, हे जाता जाता नोंदवतो. पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे हे चिकोडी भागातल्या एकसंब्याचे, म्हणजे बेळगाव जिल्ह्याचे. तयार झाले कोल्हापूरच्या तालमीत. १९५९ साली ते हिंदकेसरी झाले तेव्हा दोन्हीकडच्या गावांनी त्यांना आपलेच मानले. क्रिकेटमध्ये तसे होत नाही, कारण तिथे खेळाडू एका संघटनेच्या वहीत नोंदलेला असतो.

बातमी कुठून यायची

बेळगावात 'तरुण भारत', निपाणीत 'पुढारी'सुद्धा. दोन्हींचे क्रीडापान आम्ही शेवटून पहिले वाचत आलो. रेडिओवर एकीकडे धारवाड केंद्र, दुसरीकडे सांगली आणि पुणे. मराठी समालोचनात बाळ ज. पंडितांचा आवाज म्हणजे सामना प्रत्यक्ष पाहिल्याचे समाधान. ते स्वतः क्रिकेट खेळलेले होते, त्यामुळे चेंडू कुठे पडला आणि कसा वळला हे ऐकणाऱ्याला दिसायचे. आमच्या नोकरीच्या पहिल्या वर्षांत निपाणीच्या शाखेत ट्रान्झिस्टर कॅशियरच्या पिंजऱ्यात, नोटांच्या बंडलांमागे असायचा. साहेब आले की आवाज कमी, गेले की जास्त. बाजाराच्या दिवशी तंबाखूचे व्यापारी स्लिप भरायच्या आधी धावसंख्या विचारायचे.

खेळणे मात्र आपापल्या मैदानावर. बेळगावात युनियन जिमखाना, सरदार्स, लेले मैदान, व्हॅक्सिन डेपो. निपाणीची गंमत वेगळी. तिथली बरीच मुले शिकायला देवचंद कॉलेजात जातात. ते अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्रात. घर कर्नाटकात, कॉलेज कोल्हापूर जिल्ह्यात. कॉलेजकडून खेळला तर शिवाजी विद्यापीठाच्या स्पर्धांत, आणि क्लबकडून खेळला तर कर्नाटक संघटनेच्या धारवाड विभागात. चांगला खेळणाऱ्या मुलाच्या आईवडिलांनी हे वेळेवर समजून घ्यावे. एकदा एका राज्य संघटनेत नोंद झाली की दुसरीकडे जायला ना-हरकत पत्र लागते, आणि ते मिळेपर्यंत हंगाम निघून जातो.

२०१४ : आपलाच आपल्याशी सामना

कधीतरी हे होणारच होते. २०१३-१४ च्या हंगामात केदार जाधवने १२२३ धावा केल्या, आणि महाराष्ट्राने उपांत्यपूर्व फेरीत मुंबईला वानखेडेवर जाऊन हरवले. पुढे बंगालही गारद झाला. अंतिम सामन्यात समोर कर्नाटक. २९ जानेवारी ते २ फेब्रुवारी २०१४, हैदराबाद.

आम्ही तेव्हा नोकरीत होतो. शाखेत सरळ दोन बाजू पडल्या, आणि त्या भाषेप्रमाणे पडल्या नाहीत हे विशेष. आमचे एक कन्नड सहकारी केदारचे भक्त होते, आणि एक मराठी शिपाई विनय कुमारचा. महाराष्ट्र ३०५. कर्नाटक ५१५, त्यात के. एल. राहुल १३१ आणि गणेश सतीश ११७. महाराष्ट्राने दुसऱ्या डावात ३६६ करून मान राखला, पण कर्नाटकाने ३ बाद १५७ करून सात गडी राखून सामना घेतला. शेवटचा दिवस रविवार होता, म्हणून बरे. सोमवारी आम्ही पेढे आणले. हरलेल्या बाजूने आणायचे असे ठरलेले होते.

बेळगाव पँथर्स

आता दुखऱ्या भागाकडे येतो. २००९ साली कर्नाटक प्रीमियर लीग सुरू झाली आणि बेळगावच्या नावाचा संघ प्रथमच टीव्हीवर दिसला. तोपर्यंत आम्ही सतत कुणाच्या तरी संघाचे चाहते होतो, मुंबईच्या, पुण्याच्या नाहीतर बंगळूरच्या. आता धावफलकावर आपल्या गावाचे नाव होते. खेळाडू बहुतेक बाहेरचे, मालकही बाहेरचे, तरी फरक पडत नव्हता. २०१७ ला पँथर्सनी विजापूर बुल्सला अंतिम सामन्यात हरवून करंडक जिंकला. त्या रात्री टिळकवाडीत फटाके वाजलेले आम्ही ऐकले आहेत.

दोनच वर्षांनी, सप्टेंबर २०१९ मध्ये, संघाच्या मालकांना सट्टेबाजीच्या आरोपावरून बंगळूर पोलिसांनी अटक केली. त्या चौकशीत लीगमधले इतरही सापडले आणि स्पर्धाच बंद पडली. जानेवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने सामना-निश्चितीच्या या प्रकरणातला फसवणुकीचा खटला रद्द केला. असे वर्तन शिस्तभंग ठरू शकते, त्यावर क्रिकेट मंडळ कारवाई करू शकते, पण फसवणुकीचे कलम त्याला लागत नाही, असा तो निकाल. कायद्याच्या दृष्टीने विषय तिथे संपला. चाहत्याच्या दृष्टीने संपला नाही. आम्ही बँकेत आयुष्य काढले. खात्यात एक नोंद संशयास्पद निघाली की मागची सगळी पाने पुन्हा तपासावी लागतात. तसे आम्हाला आता २०१७ चा तो आनंदही नीट आठवता येत नाही. त्यात खोट होती असे कुणीच म्हटलेले नाही, आम्हीही म्हणत नाही. पण आठवताना हात आखडतो.

याच २०१९ मध्ये आणखी एक गोष्ट घडली, ती सांगितलीच पाहिजे. ऑटोनगरच्या मैदानावर जूनमध्ये भारत 'अ' विरुद्ध श्रीलंका 'अ' असे एकदिवसीय सामने झाले. ६ जूनला पुण्याच्या ऋतुराज गायकवाडने तिथे नाबाद १८७ धावा केल्या आणि दुसऱ्या सामन्यात नाबाद १२५. तेव्हा त्याला फारसे कुणी ओळखत नव्हते. महाराष्ट्राचा फलंदाज, कर्नाटकाचे मैदान, आणि प्रेक्षकांत दोन्ही भाषांत ओरडणारे बेळगावकर. आमच्यातला एकजण अजून म्हणतो, "ऋतुराजला मोठा आम्ही केला." म्हणू द्यावे.

सध्याची स्थिती

२०२२ पासून कर्नाटकात महाराजा ट्रॉफी सुरू झाली. त्यात सहा संघ : बंगळूर, म्हैसूर, मंगळूर, शिवमोग्गा, गुलबर्गा आणि हुबळी. बेळगाव नाही. २०२३ पासून महाराष्ट्र प्रीमियर लीग गहुंजेला होते. त्यात कोल्हापूर टस्कर्स आहे, पहिल्या वर्षी केदार जाधवच कर्णधार होता. अंतिम सामना पावसाने वाहून गेला आणि गुणतक्त्यात वर असलेल्या रत्नागिरी जेट्सना विजेते ठरवले. त्या दिवशी निपाणीत कोल्हापूरकरांइतकीच चिडचिड झाली. जूनमध्ये पुण्याजवळ अंतिम सामना ठेवल्यावर दुसरे काय होणार!

आयपीएलमध्ये तर घरोघरी तीन-तीन पक्ष. मुंबई इंडियन्स जुन्या निष्ठेपोटी, चेन्नई धोनी आणि ऋतुराजसाठी, आणि तरुण पोरे बंगळूरची. अठरा वर्षे 'ई साला कप नमदे' म्हणत बसलेल्या त्या पोरांना ३ जून २०२५ ला अहमदाबादेत कप मिळाला. दुसऱ्याच दिवशी बंगळूरच्या मैदानाबाहेर चेंगराचेंगरीत अकरा जण गेले. आमच्या ओळखीचे दोन तरुण त्या मिरवणुकीला जायला निघाले होते, सुट्टी मिळाली नाही म्हणून राहिले. त्यांच्या आईने नंतर देवळात नारळ फोडला.

ज्यांना राज्याच्या क्रिकेटचा मागोवा घ्यायचा आहे त्यांनी रणजीसाठी दिवाळीच्या आसपासपासून लक्ष ठेवावे. महाराष्ट्राची लीग जूनमध्ये असते, महाराजा ट्रॉफी ऑगस्टमध्ये. हुबळी टायगर्स हा त्यातल्या त्यात जवळचा संघ. २०२३ ला त्यांनी करंडकही घेतला. ऑगस्टमध्ये मंडळाच्या सभागृहात त्यांचे सामने आम्ही मिळून बघतो, चहा-चिवडा असतो. सुरुवातीला गुणतक्ता पडद्यावर येतो, सहा नावे खालपर्यंत सरकतात, आणि मागच्या खुर्चीवरून दरवर्षी कुणीतरी विचारतेच, "आपलं बेळगाव कुठं राहिलं ओ?"