स्थळाची साक्ष : समाजमाध्यमांतील नोंदींची साधनचिकित्सा

तिथी व वार आहे, परंतु शकाचा उल्लेख नाही, असे पत्र मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकास नवे नाही. जंत्री उघडून तिथी आणि वार यांचा मेळ घालावयाचा, मजकुरात एखाद्या स्वारीचा वा मुक्कामाचा निर्देश सापडतो का ते पाहावयाचे आणि त्यावरून पत्राचे साल व स्थळ ठरवावयाचे, हा उद्योग राजवाड्यांनी इ. स. १८९८ मध्ये साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला तेव्हापासून चालत आला आहे. अशा पत्राचा लेखक बहुधा आपणांस ठाऊक असतो; त्याने ते केव्हा आणि कोठून लिहिले एवढेच शोधावयाचे असते. समाजाचा अभ्यास करणारांच्या हाती गेल्या पंधरा-सोळा वर्षांत जे नवे साधन आले आहे त्यात ही स्थिती नेमकी उलटी झाली आहे. मोबाइलवरून समाजमाध्यमावर टाकलेल्या मजकुरास सेकंदापर्यंतचा काळ आणि, धारकाने मुभा दिली असल्यास, अक्षांश-रेखांशही जोडले जातात. अज्ञात राहतो तो लिहिणारा. आणि त्याहूनही अज्ञात राहतो तो न लिहिणारा.

ह्या साधनाची योग्यता जोखावयाची तर त्याच जातीच्या एका जुन्या उद्योगाशी त्याची तुलना करणे उपयुक्त होईल. जहाजधंद्यातील एक व्यापारी चार्ल्स बूथ याने इ. स. १८८६ मध्ये लंडनमधील दारिद्र्याची पाहणी हाती घेतली, ती इ. स. १९०३ पर्यंत चालून तिचे १७ खंड झाले. तिच्या नकाशांत प्रत्येक रस्ता तेथील रहिवाशांच्या स्थितीनुसार रंगविलेला आहे. अगदी खालच्या थरास काळा रंग, धनिकांस पिवळा. हे रंग ठरले कसे? आरंभी बूथची मुख्य भिस्त शाळामंडळाच्या निरीक्षकांवर होती. मुले शाळेत जातात की नाही हे पाहण्यासाठी हे निरीक्षक घरोघर फिरत असत. साहजिकच शाळेच्या वयाची मुले ज्या घरी होती ती घरे त्यांस माहीत. इतर घरांविषयी बूथने त्यांवरून अनुमान केले. शतकाच्या अखेरीस नकाशांची दुरुस्ती झाली ती पोलीस शिपायांबरोबर रस्त्यारस्त्याने फिरून. म्हणजे पहिला नकाशा मुलांची हजेरी पाहणाऱ्याच्या दृष्टीचा आणि दुसरा गस्त घालणाऱ्याच्या दृष्टीचा. हे आज आपणांस सांगता येते याचे कारण एकच : पाहणीच्या शेकडो हस्तलिखित वह्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये जतन केलेल्या आहेत. नकाशा चुकला असेल तर कोठे आणि का चुकला हे त्या वह्याच सांगतात.

आता आपल्या काळातील एक उदाहरण घेऊ. इ. स. २०१२ च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सँडी नावाचे चक्रीवादळ आदळले. त्या दिवसांतील दोन कोटींहून अधिक ट्वीट संशोधकांनी गोळा केली. त्यांवरून वादळाचे चित्र काढू गेल्यास त्याचा केंद्रबिंदू मॅनहॅटन ठरतो! वस्तुतः ब्रीझी पॉइंट, कोनी आयलंड आणि रॉकअवे ह्या भागांची दुर्दशा कितीतरी अधिक झाली होती. परंतु तेथून फारच थोडे संदेश निघाले. मॅनहॅटनमध्ये मोबाइल आणि ट्विटर वापरणारे मुळातच पुष्कळ. उलट जेथे वीज गेली आणि मोबाइल मृत झाले, तेथील माणूस बोलणार कसा? केट क्रॉफर्ड यांनी इ. स. २०१३ मध्ये ह्या विपर्यासाकडे लक्ष वेधले. त्यात आणखी एका गोष्टीची भर घातली पाहिजे. नेमके अक्षांश-रेखांश असलेल्या ट्वीटांचे प्रमाण एकंदरीत शेकडा १ ते २ एवढेच असे, आणि स्थळ प्रकट करणारे लोक न करणाऱ्यांसारखेच असतात असेही नाही. भाषेनुसारसुद्धा त्यांत फरक आढळला आहे. बखरकार पदरचे घालतो म्हणून आपण बखरीस दोष देतो. हे साधन पदरचे काही घालीत नाही. ते गाळते, आणि काय गाळले ते सांगत नाही.

स्थळ अचूक मिळाले तरी त्याचा अर्थ मिळतोच असे नव्हे. इरावती कर्वे पालखीबरोबर पंढरपूरच्या वाटेने चालल्या. एकाच दिंडीत चालणाऱ्या ब्राह्मणांच्या आणि मराठ्यांच्या पंगती वेगळ्या बसतात हे त्यांनी पाहिले, आणि त्याची व्यथा त्यांच्या लेखनात उतरली. त्या दोन्ही पंगतींतील माणसांजवळ आजची यंत्रे असती तर नकाशावर सारे ठिपके एकाच माळावर, एकाच वेळी दिसले असते. दोन पंगतींमधले दहा-वीस हातांचे अंतर यंत्रास कदाचित कळलेही असते. ते कशाचे आहे हे कळण्यास मात्र पानावर बसावे लागते.

तथापि ह्या साधनाचे सर्वांत मोठे वैगुण्य याहून वेगळे आहे. इ. स. २०१० मध्ये अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने सर्व सार्वजनिक ट्वीटांचा संग्रह करण्याचे अंगावर घेतले, इ. स. २०१७ अखेर तो संकल्प सोडून यापुढे निवडक तेवढेच ठेवू असे त्याने जाहीर केले. इ. स. २०१९ मध्ये ट्विटरने नेमके स्थळ जोडण्याची सोय काढून टाकली. इ. स. २०२१ मध्ये विद्यापीठीय संशोधकांस जुन्या मजकुराचे दार उघडले, आणि इ. स. २०२३ मध्ये विनामूल्य प्रवेश संपुष्टात आल्यावर तेही मिटले. शिवाय कंपनीच्या नियमांमुळे संशोधकाने दुसऱ्यास मजकूर न देता मुख्यतः त्याचे क्रमांकच द्यावयाचे असत. मूळ लेखकाने मजकूर पुसला की क्रमांक निरर्थक. सारांश, बूथचा १८८९ चा नकाशा आपण आज तपासू शकतो; २०१२ च्या वादळाचा नकाशा त्याच सामग्रीवरून पुन्हा काढून पाहणे जवळजवळ अशक्य झाले आहे.

मग सर्व जतन करावे काय? येथे प्रस्तुत लेखकाची मती कुंठित होते. इ. स. २०१३ मध्ये द माँजॉय व त्यांचे सहकारी यांनी १५ लाख माणसांच्या १५ महिन्यांच्या मोबाइल-नोंदी तपासल्या. त्यांत नावे नव्हती. तरीही स्थळ आणि वेळ यांचे अवघे चार बिंदू कळले की शेकडा ९५ माणसे इतरांतून वेगळी काढता येतात, असे दिसून आले. बूथच्या वह्यांत ज्यांच्या गरिबीची आणि व्यसनांची नोंद आहे ती माणसे केव्हाच काळाच्या पडद्याआड गेली. आपल्या नोंदींतील माणसे हयात आहेत, आणि त्यांच्या दाराचा पत्ता त्या बिंदूंत आहे. भारतात इ. स. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने संशोधन, सांख्यिकी आणि अभिलेखन यांस सवलत दिली आहे. पण विहित मानके पाळली जावीत आणि त्या माहितीवरून कोणा विशिष्ट व्यक्तीविषयी निर्णय घेतला जाऊ नये, ह्या अटींवर.

कच्ची सामग्री राखता येत नसेल, तर ती कशी मिळाली याची वही तरी राखता येते : कोणत्या दिवशी, कोणते शब्द घालून शोध घेतला, किती नोंदी आल्या, त्यांतील कितींना स्थळ होते, कितींचे आपण अंदाजाने ठरविले, आणि अभ्यासक्षेत्रातील कोणत्या गावांतून, कोणत्या वस्त्यांतून एकही नोंद आली नाही. हा शेवटचा रकाना प्रबंधांतून क्वचितच आढळतो. प्रस्तुत लेखकाच्या मते प्रबंधाच्या परीक्षकाने प्रथम तोच मागावा.