कॉलेजच्या हॉलमधला सिनेमा

भंडारा मध्यप्रांतात होता तेव्हाची गोष्ट. १९१८ च्या कायद्याने सिनेमाच्या जागेचा परवाना जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या हाती दिला. कारण आग! नायट्रेटची फिल्म पटकन पेटायची. पण त्याच कायद्यात सेन्सॉरही आला. साहेबाला नुसत्या फिल्मच्या आगीची भीती नव्हती, असं आपलं माझं मत. पुढे नायट्रेट गेलं, १९५२ चा कायदा आला, तरी प्रमाणपत्र आणि परवाना दोन्ही टिकले.

१९५७ चा कॉपीराइट कायदा त्यामानाने उदार. कॉलेजच्या उपक्रमात प्रेक्षक फक्त शिक्षक, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेशी संबंधित माणसं असतील, तर निर्मात्याची परवानगी लागत नाही. सेन्सॉरला ही सवलत लागू नाही, बरं का!

पवनीत शिकणाऱ्या माझ्या भाच्याने मित्रांबरोबर गोसेखुर्दच्या विस्थापितांवर माहितीपट केलाय. कॉपीराइट त्यांचाच, अडतंय ते प्रमाणपत्रावर. २००४ च्या मुंबई महोत्सवासाठी भारतीय माहितीपटांना प्रमाणपत्राची अट घातली, तेव्हा निर्मात्यांनी एकत्र येऊन ती मागे घ्यायला लावली. पुढे बरेच माहितीपट नाकारले गेले, तर 'विकल्प' हा स्वतःचा महोत्सवच भरवला. पण तिथे निर्माते पुष्कळ होते. पवनीत पोरं चार आहेत.