डुलकीचा दोष कोणाचा?

इतिहास म्हटला की लढाया, तह आणि राजांच्या वंशावळी डोळ्यांपुढे येतात. आम्ही आज जो इतिहास सांगणार आहोत तो झोपेचा आहे. आम्ही वैद्य नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण कामगारांच्या सभांत आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. तरीही या विषयावर बोलण्यास आमच्यापाशी दोन कारणे आहेत. एक, हा रोग आम्हांस आहे. दुसरे, या रोगाच्या बाबतीत आमच्या हातून एक अन्याय घडला आहे.

सुमारे वीस वर्षांपूर्वी म्हसवडच्या बाजूचा एक मालट्रकचा ड्रायव्हर आमच्याकडे आला. गाडी चालवताना डुलकी लागून त्याची गाडी रस्त्याखाली उतरली होती. जीव वाचला, पण मालकाने कामावरून काढले. तो शपथेवर सांगे की आपण दारू घेतली नव्हती आणि आदल्या दिवशी आठ तास झोपलो होतो. त्याचे सोबती त्याला ‘ऑइल इंजिन’ म्हणत, कारण त्याचे घोरणे शेजारच्या गाडीत ऐकू जाई. ते मध्येच बंद पडे आणि पुन्हा धडाक्याने सुरू होई. आम्हीही त्या विनोदाला हसलो होतो. आठ तास झोपलेला माणूस चाकावर झोपतो कसा, असा प्रश्न आम्ही त्यालाच केला. त्याची बाजू मांडली; पण मनापासून नव्हे. थोडी रक्कम पदरात पाडून हिशेब मिटवला आणि तो मेंढरांमागे गेला.

घोरणाऱ्याला हसणे ही जगाची जुनी रीत. आपल्याकडे त्याला कुंभकर्ण म्हणतात. इंग्रज कादंबरीकार डिकन्स याने १८३६-३७ साली ‘पिकविक पेपर्स’मध्ये जो नावाचा एक लठ्ठ नोकर पोरगा रंगविला, तो उभ्या उभ्या झोपतो आणि वाचक हसतात. पुढे १९५६ साली अमेरिकेतील बर्वेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. पत्त्यांच्या डावात हाती तीन एक्के आणि दोन राजे आले असताना हा गृहस्थ झोपी गेला व जिंकता डाव हरला. तेव्हा कोठे त्याला दवाखाना आठवला! रोगाला नाव मिळाले तेही त्या कादंबरीवरूनच. लठ्ठपणामुळे श्वास उथळ होतो, रक्तात कर्बवायू साचतो आणि गुंगी येते, असा त्या डॉक्टरांचा तर्क होता.

खरी गोष्ट १९६५ साली उमगली. फ्रान्समध्ये मार्सेय येथे गास्तो व त्यांचे सहकारी, आणि जर्मनीत युंग व कूलो, यांनी अशा रुग्णांची रात्रभराची नोंद घेतली. त्यांना दिसले की दिवसाच्या गुंगीचे मूळ रात्रीच्या झोपेत आहे: श्वास वारंवार थांबतो आणि झोप पुनःपुन्हा मोडते. पुढे याला ‘स्लीप ॲप्निया’ हे नाव रूढ झाले. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि वाट मिटते. छाती ओढत राहते, पण हवा आत जात नाही. प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून जागा होतो, एक मोठा घोर निघतो आणि वाट उघडते. दहा सेकंद वा अधिक काळ श्वास थांबला तर ती एक खेप धरतात. श्वास थांबण्याच्या व मंदावण्याच्या खेपा मिळून तासाला तीसवर गेल्या तर रोग तीव्र. रुग्णाला सकाळी यातले काही आठवत नाही. आठ तास झोपलो, असे तो प्रामाणिकपणे सांगतो, आणि वस्तुतः झोपलेलाच नसतो.

रोग कळला, पण उपाय भयंकर होता: गळ्याला समोरून भोक पाडून नळी बसविणे. जून १९८० मध्ये सिडनी येथे डॉ. कॉलिन सलिव्हन यांच्या एका रुग्णाने त्यास नकार दिला. मात्र तो प्रयोगाला तयार झाला. नाकावर मुखवटा बसवून त्यातून किंचित दाबाची हवा सोडली, आणि तो माणूस रात्रभर झोपला. १९८१ साली ‘लॅन्सेट’मध्ये पाच रुग्णांची हकीकत आली, पाण्याच्या साडेचार ते दहा सेंटिमीटर स्तंभाएवढा दाब त्यांना पुरला होता. सुरुवातीची यंत्रे व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटारीवर चालत. नाकाचा साचा घेऊन मुखवटा बनवीत आणि तो रोज रात्री चेहऱ्यास चिकटवावा लागे. हेच आजचे सी-पॅप यंत्र.

त्याचे मर्म विहिरीवर मोटार बसविणारा आपला शेतकरी चटकन ओळखील. मोटारीच्या ओढीच्या बाजूला मऊ पाइप लावला तर तो चपटा होऊन बसतो. तोच पाइप पाणी बाहेर टाकणाऱ्या बाजूला लावला तर फुगून उघडा राहतो. यंत्र आपल्यासाठी श्वास घेत नाही. ते फक्त घशाला ओढीच्या बाजूवरून दाबाच्या बाजूवर आणते.

आम्हांस हे यंत्र मिळाले तेव्हा हा इतिहास ठाऊक नव्हता. सभेत अध्यक्षस्थानी बसून आम्ही घोरलो, म्हणून घरच्या मंडळींनी तपासणीस पाठविले. पहिल्या रात्री तासाभरात मुखवटा भिरकावला. जीव गुदमरला, तोंड कोरडे पडले, मिशीच्या कडेने हवा फुसफुसू लागली. आठवडाभर यंत्र कोनाड्यात पडून होते. मग तंत्रज्ञाने सांगितले तसे दिवसा वर्तमानपत्र वाचताना अर्धा-अर्धा तास मुखवटा लावून बसलो. पट्टा आवळण्याऐवजी सैल केला, मुखवट्याचा आकार बदलला, मिशी कातरली. दाब हळूहळू चढविण्याची सोय यंत्रात असते, तीही लावून घेतली. हवा ओलसर करणाऱ्या डबीत रोज ताजे शुद्ध पाणी भरू लागलो. वीज गेली तर इन्व्हर्टर. महिन्याभरात सवय झाली. घर एवढे शांत झाले की आमच्या मंडळी घाबरून उठत व श्वास चालू आहे ना, हे पाहत. एके दिवशी दुपारी साताऱ्याहून येताना गाडीत पूर्ण जागे होतो. दहिवडीपासूनचे माळरान कित्येक वर्षांत प्रथमच पाहिले. आणि तेथेच तो ड्रायव्हर आठवला.

हा रोग बड्यांचाच, असे कोणी समजू नये. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मध्यमवयीन पुरुषांपैकी साडेसात टक्क्यांत दिवसाच्या गुंगीसह हा रोग आढळला. २०२२ साली संगीतकार बप्पी लाहिरी गेले, तेव्हा रोगाचे नाव घराघरांत पोहोचले. पण ट्रकच्या केबिनपर्यंत अजून पोहोचावयाचे आहे.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने १८९० साली गिरणी कामगारांस रविवार मिळवून दिला. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने ड्रायव्हरचे काम दिवसाला आठ तासांवर बांधले. मात्र पाचांहून कमी कामगार असलेल्या मालकास तो आपोआप लागू नव्हता. आपल्या चळवळीने विश्रांतीचे तास मोजले. त्या तासांत माणूस खरोखर झोपतो का, हे आम्ही कधी विचारले नाही. साध्या यंत्रालाही ड्रायव्हरची दोन-तीन महिन्यांची मजुरी लागते. ती त्याने एकट्याने का सोसावी? रस्त्यावर जीव सर्वांचाच असतो. डोळे तपासतात तशी झोपेचीही तपासणी व्हावी, आणि रोग निघाला तर नोकरी न जाता उपचार मिळावा, एवढीच आमची मागणी आहे. नोकरी जाण्याचे भय असेल तर कोणीही ड्रायव्हर आपण घोरतो हे कबूल करणार नाही.

गेल्या वर्षी सिद्धनाथाच्या रथाच्या वेळी आम्ही त्या गृहस्थास शोधून काढले. सारे सांगितले, क्षमा मागितली. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “तवा मी खरंच सांगत हुतो, अण्णा. पर तुमचाबी इस्वास बसला न्हाई.”

त्याची तपासणी आता आम्ही करविली आहे. यंत्राची खटपट चालू आहे. गेलेली वीस वर्षे मात्र कोणतेही यंत्र परत देणार नाही. म्हणून येथे बसलेल्या मालकांना, पुढाऱ्यांना आणि घरच्या माणसांना एकच विनंती: कामावर डुलकी घेणारा माणूस दिसला, तर ‘किती प्यालास?’ हे विचारण्याआधी ‘घोरतोस का?’ एवढे विचारा, आणि तो जे सांगेल त्यावर विश्वास ठेवा.